पल्याड काठ असलेला समुद्र

भाऊबीज उलटली की आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत उमरेडकडची एक बाई नवा तांदूळ विकायला येते. नव्या तांदळाचा भात गोळा होतो, पोटाला जड जातो, या वयात तो खाऊ नये, हे नर्स म्हणून मी उभा जन्म दुसऱ्यांना सांगत आले. तरी दरवर्षी घेते. कुकरला लावत नाही, पातेल्यात शिजवते, झाकण अर्धवट ठेवून. वास घरभर फिरायला लागला की खिडकीतलं ऊनही त्या दिवसांतलं होतं, पिवळसर आणि नुसतंच कोमट. घरात बोलायला दुसरं कोणी नसतं, मग मी आपली भाताशी बोलते. तांदूळ कोणाच्याही शेतातला असो, मला तो एकाच शेतातला वाटतो. त्या शेताच्या कडेला मोहाची दोन झाडं आहेत आणि त्या दोन झाडांच्या मध्ये समुद्र टांगलेला आहे.

उमरेडच्या पुढे समुद्र, म्हटल्यावर कोणीही हसेल. पण तो होता, मी त्याचा रंग कालवलेला आहे.

माझे वडील पडदे रंगवायचे. नाटकाचे पडदे. लोक त्यांना पेंटर म्हणत, मी बाबा म्हणायची. एरवी ते दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती रंगवत, पण त्यांचा जीव पडद्यांत. आमच्या पूर्वेकडे झाडी म्हणून जंगलाचा मुलूख आहे. तिथे धान कापून झालं की गावोगाव नाटकं सुरू होतात, ती थेट होळीपर्यंत. रिकाम्या झालेल्या शेतात रंगमंच उभारायचा, समोर जमीन खणून उतरती करायची, त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून हजारो माणसं बसवायची. गावाचं मंडळ एकदा पडदे करून घेई आणि मग ते फाटेपर्यंत चालवी. राजवाडा, जंगल, रस्ता, गरिबाचं घर, देऊळ. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून बाबा देवांची चित्रं काढत नसत. देवळाच्या पडद्यात ते गाभाऱ्यात नुसता काळोख रंगवायचे. मंडळवाले त्यावरही खूश असत, म्हणत, बरं झालं, कोणत्याही देवाले चालते.

आमचं घर लकडगंजच्या मागच्या वस्तीत होतं. लाकडाच्या एका वखारीचा मालक दिवाळीच्या सुमारास बाबांना एक शेड मोकळी करून द्यायचा. तिथे मांजरपाटाचे पाट शिवून केलेलं अवाढव्य कापड जमिनीवर ताणायचं, त्यावर सरस आणि खडूचा हात द्यायचा, तो वाळला की रंग. शेजारी दिवसभर आरा चालू. हवेत भुसा उडायचा आणि ओल्या रंगावर बसायचा. बाबांच्या प्रत्येक आभाळात सागाचा भुसा असे. जवळून पाहिलं तर दिसायचा, हात फिरवला तर लागायचा, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटायचं, काय संध्याकाळ आणली आहे पेंटरनं. सरसाला एक घाणेरडा, चामड्यासारखा वास येतो. लोकांच्या लहानपणाला फुलांचे, उदबत्त्यांचे वास असतात. माझ्या लहानपणाला सरसाचा होता आणि मला तो आवडायचा. आई मी फार लहान असताना गेली, त्यामुळे तिचा वास मला आठवत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं नर्सिंगचं शिक्षण संपलं, शिकले त्याच दवाखान्यात तात्पुरती ड्युटी करत होते आणि कायमची नेमणूक आली ती थेट रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात. नागपूरच्या पोरीला रत्नागिरी. नकाशात पाहिलं तर एक डाव्या टोकाला, दुसरं उजव्या. मला जायचं होतं का? होतं. नोकरी हवी होती, पांढरी साडी नेसून कोणीतरी व्हायचं होतं, आणि लकडगंजच्या पलीकडचं जग पाहायचं होतं. बाबांना एकटं टाकून जायचं होतं का? नव्हतं. दोन्ही सारखंच खरं होतं. म्हणून मी मनाशी एक सोपी युक्ती केली. बाबा जे म्हणतील ते करायचं. जा म्हणाले तर जायचं, नको म्हणाले तर राहायचं. पण युक्ती बाबांना ठाऊक नव्हती आणि ते काहीच म्हणेनात. रुजू व्हायची मुदत जवळ येत चालली. मी ताटावर विषय काढायची, ते भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे. एकदाच त्यांनी विचारलं, "रत्नागिरी म्हंजे समुद्रापाशी का वं?" मी हो म्हटलं. "हं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्याच सुमारास झाडीतल्या एका मंडळाचा निरोप आला होता. यंदाच्या नाटकात नवरा जहाजात बसून परदेशी जातो, बायको किनाऱ्यावर राहते, तेव्हा समुद्राचा पडदा पाहिजे. बाबांनी तोवर समुद्र कधी रंगवला नव्हता, पाहिलाही नव्हता. सिनेमात पाहिला असेल की, असं कोणी म्हणेल. पाहिला होता, पण सिनेमात समुद्रापुढे नटी उभी असते, तेव्हा माणूस पाण्याची नीट चौकशी करत नाही. बाबांनी विचार केला, पाणी ते पाणी. सायकल काढली आणि अंबाझरी तलावावर गेले. दिवसभर काठावर बसून पाण्याकडे पाहिलं, दुपारी त्याचा रंग कसा होतो, वारा आला की रेघा कशा पडतात. आले ते खुशीत आले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये निळा सांडायला सुरुवात झाली.

पडदा फार देखणा उतरला होता. मी दवाखान्यातून सुटले की डबा घेऊन शेडमध्ये जायची, लाटांवरून पाऊल टाकत त्यांच्यापर्यंत पोचायची. जवळ वाळू, मग हिरवट पाणी, मग निळं, मग गर्द निळं, आणि त्या पाण्याच्या पलीकडे, पार वर, पल्याडचा काठ. त्यावर आंब्याची झाडं, एक कौलारू घर, घरापुढे एक इवलासा पांढरा ठिपका. मी पाहिला, आरेवाल्या मिस्त्रीने पाहिला, वखारमालकाने बायकोला बोलावून आणून दाखवला. कोणालाही काही खटकलं नाही. भूगोलाचे एवढे पेपर मी लिहिले होते, पण मलाही नाही. आम्ही सगळे तळ्यांच्या मुलखातली माणसं. पाण्याला समोर काठ असतो यात आम्हाला नवल वाटण्यासारखं काय होतं?

पडदा पोचवायला बाबा एरवी एकटे जायचे. त्या वेळी म्हणाले, "चाल, येतेस का? सुटी आहे तं." मी ओळखलं, आज बोलणार. घरी बोलवत नसेल, वाटेत बोलतील. भाकरी, झुणका, कांदा बांधून घेतला. एस.टी.च्या टपावर समुद्र चढवला, बांबूला गुंडाळलेला, वर पोतं बांधून. कंडक्टरने विचारलं, काय आहे? बाबा म्हणाले, "समुद्र." तो म्हणाला, "बरोबर बांधा, सांडन."

उमरेड गेलं, वाटेतले फाटे गेले. बाबा खिडकीबाहेर बघत होते. कापलेली शेतं, शेताच्या बांधांवर, धुऱ्यांवर, उभे पळस, मध्येच मिरच्यांचं लाल वाळवण. मी वाट बघत होते. फाट्यावर उतरलो तेव्हा मंडळाची बैलबंडी आली होती. मागे पडदा आणि आम्ही दोघं, चाकांचा कुरकुर आवाज, दोन्ही बाजूला सागाचं जंगल. सागाची पानं तेव्हा किड्यांनी खाऊन चाळणी होतात. ऊन त्यातून गळून बाबांच्या सदऱ्यावर पडत होतं. इतकं एकांतातलं बोलायचं ठिकाण पुन्हा मिळणार नव्हतं. बाबा बंडीवाल्याशी बैलांच्या खुरांबद्दल बोलले.

गावाच्या बाहेर, शेत संपून जंगल लागतं तिथे मोहाच्या दोन झाडांना दोर बांधून पडदा सोडला. प्रवासात घडी पडली असेल तिथे हात फिरवायचा असतो, त्यासाठी असा उजेडात टांगतात. दोर सुटले आणि समुद्र सळसळत खाली आला. वाऱ्याने लाटा खरोखर हलायला लागल्या. मागे साग, खाली धानाची धसकटं, वर होले घुमताहेत, आणि मध्ये हे निळं. मी आयुष्यात पुढे खरा समुद्र वर्षानुवर्षं पाहिला, पण छातीत असं धस्स पुन्हा झालं नाही.

कापणीवरच्या बायका जेवायला सुटल्या होत्या. विळे कमरेला खोचून त्या आल्या आणि पडद्यासमोरच ओळीने बसून फडकी सोडली. सिनेमाला बसावं तशा बसल्या. एकजण म्हणाली, "थंड वाटून राहिलं वं इथं." दुसरीने बाबांना विचारलं, "हा कोनता तलाव होय जी? नवेगावचा का?"

"समुद्र होय, बाई," बाबा म्हणाले.

"हो का," ती म्हणाली आणि समजुतीने मान हलवली.

तेवढ्यात मास्तर आले. गावच्या शाळेचे मास्तर, नाटक लिहायचं, बसवायचं, सगळं त्यांच्याकडे. बारीक अंगाचे, गळ्यात मफलर. आधी दुरून पाहिला, मग जवळ येऊन पाहिला, मग बाबांना बाजूला घेतलं. पण माणसाचा आवाजच मोठा, सगळ्यांनी ऐकलं.

"पेंटर, काम नामी झालं. पन हे पल्याड काय आहे?"

"काठ आहे जी."

"समुद्राले पल्याडचा काठ?"

"मंग?"

"अरे गा, पल्याड तं घर दिसून राहिलं. माही बाई इथं उभी राहून दोन पानं रडते, का नवरा गेला, आता कधी दिसन. पब्लिक म्हनन, रडून काय राहिली वं, डोंग्यात बस आन् घेऊन ये."

बायका खदखदून हसल्या. बाबा हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते.

"पल्याड नसलं, तं पानी थांबते कोठी?" त्यांनी विचारलं.

"थांबत नाही. जाऊन आभाळाले लागते."

"तुमी पाहिलं?"

"पाहिलं ना. शिक्षकांच्या अधिवेशनाले मुंबईले गेलो होतो, तवा पाहिलं. दोन दिवस जेवन गेलं नाही मले."

"पल्याड नसलं, तं मंग मानूस जाते कोठी?"

मास्तरांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "पल्याड असते गा. असते. पन इथून दिसत नाही. आपल्याले ते न दिसनारं पाहिजे."

बाबा झाडाखाली जाऊन बसले आणि विडी पेटवली. मास्तर माझ्याकडे आले, हळू आवाजात म्हणाले, "राग आला का त्यायले?" मी म्हटलं, नाही, रंगाचा विचार करत असतील. पण राग नव्हता आणि रंगाचा विचारही नव्हता, एवढं मला चेहऱ्यावरून कळत होतं. विडी संपली. बाबांनी दुसरी काढली, काडी ओढली नाही, परत कानावर ठेवली. मग मला हाक मारली. "नीळ कालव वं. व्हायटिंग जास्त टाक. आभाळ लागन."

तीन दगडांवर सरस गरम केला. निळीत खडूचा पांढरा मिसळत गेले. बाबा शिडीवर चढले आणि डावीकडून आभाळ खाली ओढायला लागले. आधी आंब्याची झाडं गेली. दुपारचं ऊन होतं, रंग भराभर वाळत होता. बायका जेवण संपवून तशाच बसून राहिल्या. मग काठाची हिरवी पट्टी गेली. मग घराचं कौल, मग भिंती. राहता राहिला तो पांढरा ठिपका, पाण्याच्या आणि आभाळाच्या मध्ये लटकलेला.

खालून मास्तर म्हणाले, "तो बगळा राहू द्या, पेंटर. चांगला वाटते."

"बगळा नाही जी तो," बाबा म्हणाले. "बाई होय."

कोणालाच काही समजलं नाही. मला समजलं. मी डबा घेऊन इतके दिवस त्या पडद्यावरून चालत गेले होते आणि जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. आता शिडीखाली जाऊन वर पाहिलं. नखाएवढी बाई होती. पांढरी साडी, केसांवर पांढरी टोपी, घराच्या पायरीवर उभी. बाबांनी मला घर दिलं होतं, दारात आंबे लावून दिले होते, आणि मला अशा जागी ठेवलं होतं की अलीकडच्या वाळूत उभं राहिलं तर दिसेन.

माझ्या हातातला रंगाचा डबा हिंदकळला. बाबा खाली न पाहता म्हणाले, "सांडू नको."

त्यांनी एकच फटकारा मारला आणि ती बाई गेली. पण खडूचा पांढरा हट्टी असतो. पातळ निळ्यातून तो वर येतो. थोडं वाळलं की ठिपका पुन्हा दिसायला लागला. बाबांनी दुसरा हात दिला. थांबले. पुन्हा उगवला. तिसरा हात दिला. मास्तर म्हणाले, असू द्या पेंटर, रातच्याले बत्तीत काय दिसते. बाबा म्हणाले, "नाही, दिसलं नाही पाहिजे," आणि तिथेच पुन्हा पुन्हा कुंचला फिरवत राहिले, शेवटी त्या जागी आभाळ इतर जागेपेक्षा जाड झालं. मग शिडीवरून उतरले आणि लांब जाऊन उभे राहिले. आता पाणी कुठे थांबत नव्हतं. मघाशी थंड वाटतं म्हणालेली ती विळेवाली बाई उठली, पदर सावरला आणि कोणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, "आता मातर कसंतरीच वाटते." मास्तर एकदम खूश झाले. म्हणाले, हेच पाहिजे होतं.

रत्नागिरीला गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मी बंदरावर गेले होते. हे कोणाला सांगितलं नाही, पण आधी मी पल्याडचा काठच शोधला. डोळे ताणून ताणून शोधला. मास्तरांचं खरं होतं, पाणी जाऊन आभाळाला लागतं, आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिथल्या सगळ्या जणी माझ्या मले-तुलेला हसायच्या. मग हळूहळू मी मला-तुला करायला शिकले आणि ते हसणं थांबलं. थांबलं तेव्हा आणखीच एकटं वाटलं. बाबांना किती वेळा म्हटलं, या, समुद्र बघा. ते म्हणायचे, मी रंगवला ना, आता आनखी काय पाहू. आले नाहीत. पुढे त्यांनी ताप साधा म्हणून अंगावर काढला आणि एके दिवशी तार आली. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. एस.टी., मग आगगाडी, मग दुसरी आगगाडी. मी पोचले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सगळं आटोपलं होतं. नागपूरची बदली मिळाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तोवर तिची मला तशी घाई राहिली नव्हती.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही शेवटची गाडी पकडायला निघालो तेव्हा ऊन कललं होतं. मास्तरांनी नाटकाला थांबायचा फार आग्रह केला. बाबा म्हणाले, "पोरीची सकाळी ड्युटी आहे." बंडीत बसताना मी एकदा मागे वळून पाहिलं. जंगलाच्या कडेला ते निळं तसंच हलत होतं आणि त्यापुढे कोणीही नव्हतं. बाबांनी वळून पाहिलं नाही.

गाडीत गर्दी कमी होती. दोघांचेही हात मनगटापर्यंत निळे. कंडक्टर तोच होता, म्हणाला, सांडला वाटते. बाबांनी मान हलवली. उमरेड मागे पडलं, बाहेर सांज झाली, खिडकीच्या काचेत त्यांचा चेहरा दिसायला लागला. मग तसंच काचेकडे बघत त्यांनी विचारलं, "तिकडं थंडी पडते का वं, समुद्रापाशी?"

"पडत नाही म्हणतात."

"मंग ते जाड पांघरून इथंच राहू दे. वझं काहून नेतेस."

एवढंच. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते उत्तर हेच होतं, आणि ते मला हवं होतं ते नव्हतं. त्यांनी नको जाऊ म्हणावं असं मला वाटत होतं, हे मला ते जा म्हणाल्यावर कळलं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, बाबा, मी नाही जात. पण ते म्हटलं तर बाबा रागावतील, इतकं शिकवलं ते घरी बसायले का, म्हणतील, याची मला पक्की खात्री होती. म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं, आणि त्यांनी माझ्याकडे एकदा पाहून पुन्हा काचेकडे तोंड केलं. आता त्यांचं तेव्हाचं वय मी केव्हाच ओलांडलं. त्यांचा तो चेहरा पुन्हा पुन्हा आठवून पाहते. ते रागावले असते, असं आता मला वाटत नाही.